सकाळी अडणारा चाप : एका पॉइंट टू-टू रायफलचं निदान

"घोडा अडतोय हो," एवढंच काका म्हणाले आणि रायफलची पेटी टेबलावर ठेवली.

जानेवारी २०२५ चा दुसरा आठवडा होता. काका लष्करात राहतात. ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, लष्कर म्हणजे इथे फौज नव्हे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि तिथेच पुढे शहर वसलं, त्या भागाचं ते नाव. महाराज बाडा या चौकाच्या मागच्या गल्ल्यांतून अजून चार घरांआड एक मराठी घर लागतं. काका तिथलेच. वडिलांची रायफल वारशाने त्यांच्या परवान्यावर आली आहे आणि हिवाळ्यात महिन्यातून दोन-तीनदा ते रेंजवर जाऊन नेम धरतात. रायफल पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच बोअरची, परदेशी बनावटीची, सेमी-ऑटोमॅटिक. दहा गोळ्यांचं मॅगझिन, अक्रोडाचा दस्ता.

मी सीमा सुरक्षा दलात आर्मोरर, म्हणजे हत्यारांचा कारागीर होतो. ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढली. आता एका परवानाधारक दुकानाच्या वर्कशॉपमध्ये बसतो. परवानाधारक हा शब्द मुद्दाम लिहितोय. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो. चंबळच्या या पट्ट्यात घरोघरी बंदुका आहेत आणि गावोगावी 'हातचे मिस्त्री'ही आहेत, म्हणून हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

तर घोडा अडतोय. यातल्या 'घोडा' या शब्दापाशीच मी थांबलो. आपण मराठीत चाप ओढतो आणि त्यामुळे जो आपटतो त्याला घोडा म्हणतो. इथल्या हिंदीत 'घोडा दबाना' म्हणजे चाप ओढणंच. काकांची मराठी घरातली आणि बंदुकीची भाषा बाजारातली. त्यामुळे अडतोय नेमकं काय, बोटाखालचा चाप की आतला हातोडा, हे आधी ठरवायला हवं होतं. दोन्हींची कारणं वेगळी असतात आणि इलाजही. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहिलं, करंगळी घालूनही पाहिलं, मग काकांना म्हटलं, "बोट ठेवून दाखवा." त्यांनी चापावर ठेवलं. म्हणाले, "गोळी सुटते, पुंगळी बाहेर पडते, पुढची आत जाते. मग ओढलं तर काहीच नाही. मेल्यासारखा. हाताने बोल्ट मागे ओढून सोडला की चांगली गोळी वाया जाते, पण मग चालतो." दहातल्या दोन-तीन गोळ्यांना असं होत होतं. नेहमी नाही.

'नेहमी नाही' हे दोन शब्द ऐकले की मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवतो. सतत असणारा दोष तासाभरात सापडतो. येणारा-जाणारा दोष घाईने सापडत नाही, उलट घाईत त्याच्यावर दुसरा दोष बसतो.

काकांकडे तोवर दोन निदानं झालेली होती. पुतण्या म्हणत होता काडतुसं जुनी आहेत, दम नाही. मुरेन्याकडच्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं होतं की सीअर घासून गुळगुळीत करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. काका बिचारे त्या पाच मिनिटांसाठी जवळजवळ तयार झाले होते. काकूंनी अडवलं. "आधी दाखवून घ्या, मग घासा," म्हणाल्या. त्यांचे मी मनापासून आभार मानले.

सीअर म्हणजे काय आणि त्याला कानस लावण्याची मला एवढी भीती का, हे सांगायला यंत्र थोडं उलगडावं लागेल. पॉइंट टू-टूची गोळी लहान, साधारण ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. एवढ्या कमी ताकदीच्या काडतुसाला बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा, कुलूपबंद करावा लागत नाही. बोल्टचं वजन आणि त्यामागची स्प्रिंग पुरते. गोळी पुढे जाते तेव्हा पुंगळी मागे रेटली जाते, ती बोल्टला मागे ढकलते, बोल्ट जाता जाता घोडा मागे दाबून चढवतो, पुंगळी बाहेर फेकली जाते. येताना बोल्ट मॅगझिनमधलं पुढचं काडतूस उचलून नळीत बसवतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्या वेळी तुमचं बोट चापावर अजून दाबलेलंच असतं, इतक्या लवकर कुणी बोट उचलू शकत नाही. मग घोडा लगेच परत का आपटत नाही? कारण मधे एक तुकडा असतो, डिस्कनेक्टर. घोडा मागे आला की तो चाप आणि सीअर यांची गाठ सोडतो. सीअर घोड्याला अडकवून धरतो. तुम्ही बोट सैल केलंत, चाप पुढे आला, की गाठ पुन्हा जुळते आणि बारीकसा 'टिक्' ऐकू येतो. एका ओढीला एक गोळी, ती या टिक्मुळे. सीअर आणि घोडा जिथे एकमेकांना धरतात ती जागा नखाच्या कडेएवढी असते. बऱ्याच बंदुकांत तिथे पोलादाचा फक्त वरचा पापुद्रा कडक केलेला असतो. कानस त्या पापुद्र्यातून आरपार गेली की खाली मऊ धातू. तो लवकर झिजतो आणि मग चाप न ओढता घोडा सुटू शकतो. पाच मिनिटांच्या त्या कामाची किंमत अशी असते.

'चाप मेला' या एका तक्रारीत किमान चार वेगळे आजार लपलेले असतात. बोल्ट पुरेसा मागे गेलाच नाही, त्यामुळे घोडा चढलाच नाही. किंवा घोडा चढला, पण सीअरने धरला नाही आणि बोल्टबरोबर हळूच खाली आला. किंवा घोडा चढलेला आहे, सीअरने धरलेलाही आहे, पण चाप पूर्ण पुढे आला नाही म्हणून गाठ जुळली नाही. चौथा म्हणजे घोडा पडला पण काडतूस फुटलं नाही. हा चाप नाही, पण घाबरलेला माणूस त्यालाही चाप मेला म्हणतो. या चौथ्याची खूण पुंगळीच्या कडेवर असते. पॉइंट टू-टूमध्ये ठिणगीचा मसाला कडेत असतो, काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनचा ठसा तिथे बघायचा. काकांनी फुकट काढलेल्या गोळ्या कागदात बांधून आणल्या होत्या. एकाही कडेवर ठसा नव्हता. चौथा आजार गेला.

दुकानात मी दुपारी बाराच्या सुमारास तपासणी केली. नळीत प्लास्टिकचं नकली काडतूस घातलं, कारण पॉइंट टू-टू अगदी रिकामी चालवली तर फायरिंग पिन नळीच्या मागच्या तोंडाच्या कडेवर आपटून तिथे खळगा पडू शकतो. चाप ओढा, ओढलेला धरून ठेवा, बोल्ट पूर्ण मागे नेऊन सोडा, आता बोट सैल करा, टिक् ऐका, पुन्हा ओढा. तीस वेळा केलं. तीसही वेळा टिक्. सेफ्टी लावून ओढलं, घोडा हलला नाही. दस्त्याची टाच रबराच्या चटईवर चार-पाचदा आपटली, घोडा सुटला नाही. म्हणजे सीअर धरतोय. रायफल ठणठणीत.

काकांचा चेहरा उतरला. डॉक्टरसमोर ताप उतरावा तसं झालं होतं. मी म्हटलं, "काका, तुमचं खोटं नाही. ती आजारी पडते तिथे मला न्या."

रविवारी सकाळी साडेसातला रेंजवर गेलो. धुकं इतकं की पन्नास मीटरवरचं टार्गेट दिसेना, अर्धा तास बसून राहावं लागलं. पारा सहाच्या आसपास. काकांनी लोकरी हातमोजा काढला, पाच गोळ्या भरल्या. चौथ्या गोळीनंतर त्यांनी ओढलं आणि काही झालं नाही. मी आधीच सांगून ठेवलं होतं, बोल्टला हात लावायचा नाही. तोंड टार्गेटकडेच, बोट बाहेर, मनात तीस मोजा. रेंज ऑफिसरने बाकीच्यांना थांबवलं. मॅगझिन काढलं. फौजेत याच्या उलट, फौरी इलाज म्हणून, शिकवतात की अडलं की लगेच कॉकिंग हँडल, म्हणजे बोल्टची मूठ, मागे ओढा. लढाईत ते बरोबर आहे. पण निदान करायचं असेल तर पहिलं कॉकिंग हँडल ओढलं की सगळा पुरावा त्या पुंगळीबरोबर जमिनीवर पडतो.

मी गुडघ्यावर बसलो आणि चापाकडे बाजूने पाहिलं. चाप पुढे आलेला दिसत होता. पण चापाभोवतीच्या गार्डच्या कडेपाशी नेहमी असते तेवढी फट नव्हती. पोस्टकार्डाच्या जाडीइतका तो मागे राहिला होता. आगपेटीची काडी घेतली, चापाच्या मागच्या बाजूने घालून हलकेच पुढे ढकलली. टिक्.

त्या टिक्ने तीन गोष्टी एकदम मिटवल्या. घोडा चढलेला होता, नाहीतर गाठ जुळायचा आवाज येणारच नव्हता. म्हणजे बोल्ट पुरेसा मागे जातोय, काडतुसांत दम आहे. पुतण्याचं निदान गेलं. सीअरने घोडा धरून ठेवला होता. मुरेन्याच्या मित्राचं निदान गेलं. उरलं ते तिसरं, चाप स्वतःच्या स्प्रिंगच्या जोरावर पूर्ण परत येत नाही.

इथून पुढे मी एक चूक केली. ती सविस्तर लिहितो, कारण या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ तिच्यातच गेला.

चाप परत न येण्याची कारणं मोजकी. स्प्रिंग थकलेली, पिन वाकलेली, आत घाण, किंवा बाहेरून काहीतरी घासतंय. दुपारी दुकानात आल्यावर मी दस्ता उतरवला आणि चापाच्या पेटीवर, म्हणजे ज्या घरात चाप, घोडा, सीअर सगळे बसतात त्याच्या डाव्या अंगाला, चमकणारा एक पट्टा दिसला. समोर लाकडातही तसाच दबलेला डाग. दस्त्याचा स्क्रू मी उघडताना मनगटाचा जोर लावावा लागला होता. लगेच जुळणी झाली: स्क्रू जास्त आवळलाय, लाकूड पेटीला दाबतंय, पेटीच्या भिंती आत येऊन चापाला चिमटतायत. दस्ता काढून चाप वीस वेळा ओढून पाहिला, वीसही वेळा सुरेख परत आला. पुरावाही मिळाला. लाकडाचा तो डाग बारीक पॉलिश पेपरने उतरवला, स्क्रू बेताने बसवला, काकांना रायफल दिली.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन. "पुन्हा तेच. तिसऱ्याच गोळीला."

लाकडाचा डाग खरा होता. पण दस्ता काढल्यावर चाप चालला तो लाकूड बाजूला झालं म्हणून नाही. दुपारचे दोन वाजले होते, वर्कशॉपमध्ये हीटर चालू होता आणि मी बराच वेळ ती पेटी हातात घेऊन फिरवत होतो. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि श्रेय मी मला दिसत असलेल्या गोष्टीला दिलं.

मग वही काढली. जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते आता केलं. काकांना म्हटलं, आतापर्यंत कधी कधी अडला ते आठवा, तारखेपेक्षा वेळ आठवा. त्यांनी डोळे मिटून सांगितलं आणि मी लिहीत गेलो. सगळे अडलेले प्रसंग सकाळचे होते. ऊन वर आल्यावर, अकरा-साडेअकरानंतर, एकदाही नाही. एकदा त्यांनी रायफल तासभर उन्हात ठेवलेल्या बाकावर टेकवली होती आणि त्यानंतर सलग तीस गोळ्या बिनतक्रार. ते त्यांना 'आज नशीब चांगलं' असं वाटलं होतं.

थंडीत अडणारी आणि उबेत चालणारी गोष्ट म्हणजे चिकट काहीतरी. स्प्रिंग सहा अंशांना थकत नाही. पिन दुपारी सरळ होत नाही.

"तेल कोणतं घालता?" काकांनी बाटली दाखवली. पातळ, साधं मशीनचं तेल. त्यात काही वावगं नाही, ते असं जमत नाही. मग मी पुतण्याला बोलवायला सांगितलं. मुलगा पंचविशीचा, हुशार, रायफलीवर जीव. जरा दबकतच बोलला. २०२४ च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात, ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे. या भागात हा नेमच आहे. बरेच महिने रायफल नजरेआड जाणार म्हणून त्याने जमा करण्याआधी तिची मनापासून सेवा केली. दस्ता उतरवला, लाकडाला आतून-बाहेरून जवसाचं तेल दिलं. कुठेतरी वाचलं होतं की फौजेत लाकडाला हेच लावायचे. खरंच लावायचे. थ्री-नॉट-थ्री आणि एसएलआर या फौजेच्या जुन्या रायफलींच्या लाकडाला मी स्वतः कच्चं जवसाचं तेल चोळलेलं आहे. त्यात चूक काहीच नव्हती. पण लाकूड ओलं असतानाच त्याने दस्ता परत बसवला, आणि उरलेल्या त्याच फडक्याने लोखंडावरून, चापावरून, पेटीवरून हात फिरवला. "चमकावी म्हणून," म्हणाला.

इथे सगळं जुळलं. जवसाचं तेल, उत्तरेत अळशीचं म्हणतात, हे मशीनच्या तेलासारखं तेल नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्याचा पापुद्रा बनतो. म्हणून तर ते लाकडाला आणि चित्रकारांच्या रंगांना चालतं. उष्णतेत हे काम आणखी वेगाने होतं. रायफल मार्चमध्ये गेली आणि निकालानंतर जूनमध्ये परत आली. मधले एप्रिल-मे ग्वाल्हेरचे, पारा ४५ पर्यंत जाणारा, लू वाहणारी. ती रॅकमध्ये तोंड वर करून उभी होती, लाकडातलं जास्तीचं तेल उतारानं खाली, चापाच्या पेटीकडे आलं. तिथे पिना आणि तुकडे यांच्यामधल्या फटी आयत्याच आहेत. जून ते डिसेंबर रायफल घराबाहेर पडली नाही. थंडीत पहिल्यांदा चालवली तेव्हा अडली. तोवर मार्चमधलं तेल कुणाच्या डोक्यातही राहिलं नव्हतं.

पण एकदा फसलो होतो. यावेळी जुळतंय म्हणून मान डोलवायची नाही, सिद्ध करायचं असं ठरवलं.

चापाची पेटी दोन आडव्या पिना काढून सुटी केली. ती सुटी असली की त्यात ना नळी ना काडतूस, त्यामुळे धोका नाही. मोबाइल स्टँडवर लावला, स्लो-मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर. घोडा बोटाने धरून चढवला, चाप ओढून सोडला आणि परत येताना चित्रण केलं. खोलीच्या उबेत चाप सहा फ्रेममध्ये जागेवर आला, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग. मग पेटी हवाबंद पिशवीत घातली, दमट हवेचं पाणी आत बसू नये म्हणून, आणि वर्कशॉपच्या फ्रीजमध्ये चहाच्या दुधाशेजारी तासभर ठेवली. काढल्याबरोबर पुन्हा चित्रण. चाप सुटला, अर्ध्यावर आला आणि मग मधात बुडालेल्या चमच्यासारखा सरकत राहिला. चाळीस फ्रेम झाल्या तरी शेवटचं पोस्टकार्डाएवढं अंतर बाकी होतं, आणि ते बाकीच राहिलं. टिक् नाही. पेटी तळहातात धरून बसलो. तीन-चार मिनिटांनी, कुणी हात न लावता, टिक्.

पुतण्या शेजारीच उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला म्हटलं, रायफल जपायची म्हणूनच केलंस ना, मग रडतोस कशाला, ये, साफ तूच करणार आहेस.

भिंग लावून पाहिलं तर चापाच्या पिनेभोवती आणि डिस्कनेक्टरच्या कडेला मधाच्या रंगाची, किंचित तुकतुकीत झिल्ली होती. आधी रॉकेलमध्ये कापसाची काडी बुडवून चोळली. मशीनच्या तेलाचा मळ असता तर रॉकेलने सुटून काडी काळी झाली असती. काडी जवळजवळ पांढरीच राहिली. मग थिनरची काडी. पाचेक मिनिटांत झिल्ली मऊ पडली, सुरकुतली आणि बांबूच्या दातकोरणीने ढकलल्यावर उन्हात सोललेल्या कातड्यासारखी निघून आली. पोलादी टोकाचं काही वापरायचं नाही, ओरखडा पडतो. थिनर लाकडावर किंवा प्लास्टिकवर पडू द्यायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची, हीटर बंद. सगळे तुकडे एकामागून एक पुतण्याने साफ केले, मी नुसता प्रकाश धरून होतो. पिना काचेवर लोळवून पाहिल्या, सरळ होत्या. सीअर आणि घोड्याच्या धरणाऱ्या कडा भिंगाखाली तीक्ष्ण, चौकोनी, अगदी कारखान्यातून निघाल्यासारख्या. त्यांच्यावर कानस चालणार होती या विचाराने अजूनही अंगावर काटा येतो.

स्प्रिंगबद्दल मात्र दुकानातल्या माणसांत वाद झाला. एकाचं म्हणणं, एवढी जुनी आहे, नवी जरा कडक घालून टाका, पुन्हा कधी अडायचा प्रश्नच नको. मी घातली नाही. कडक स्प्रिंगने झिल्ली असतानाही चाप परत आला असता, हे खरं. म्हणजे दोष तसाच आत राहिला असता आणि आणखी एका उन्हाळ्याने झिल्ली जाड झाल्यावर केव्हातरी डिस्कनेक्टरच अर्धवट अडला असता. चाप परत न येणं म्हणजे गोळी सुटत नाही, एवढंच. डिस्कनेक्टर चुकीच्या जागी अडणं म्हणजे एका ओढीला दोन गोळ्या सुटण्याची शक्यता. पहिल्यात माणूस वैतागतो, दुसऱ्यात शेजारच्या लेनमधला माणूस मरू शकतो. स्प्रिंग जशी होती तशीच धुऊन, पुसून परत बसवली.

जोडताना पिनांना सुईच्या टोकावर मावेल एवढा पातळ तेलाचा थेंब, बाकी कोरडं. पेटी पुन्हा पिशवीत, पुन्हा फ्रीजमध्ये, यावेळी दोन तास. बाहेर काढून चित्रण केलं. सात फ्रेम. टिक्. दहा वेळा केलं, दहाही वेळा सहा किंवा सात फ्रेम, त्याच जुन्या स्प्रिंगवर. चाप ओढायला किती वजन लागतं तेही स्प्रिंगकाट्याने मोजलं. साफ करण्याआधी थंडीत ते दर वेळी वेगळं येत होतं, २.६ किलोपासून ३.१ पर्यंत. आता २.२ आणि २.३ च्या मधेच राहत होतं. आकडा कमी झाला याचा आनंद नाही, एकाच जागी थांबला याचा आहे.

तरी चाचणी रेंजवरच, आणि सकाळीच घ्यायची होती. रायफल काकांच्या ताब्यातच राहिली. रात्री कुलूपबंद कपाट व्हरांड्यालगतच्या थंड खोलीत ठेवायचं, एवढंच मी त्यांना सांगितलं. सकाळी सात वाजता पारा सातवर. चापाच्या कामानंतर पहिल्यांदा कधीच भरलेलं मॅगझिन लावायचं नाही. आधी एक गोळी. सुटली, बोल्ट नीट आला. असं पाच वेळा. मग दोन गोळ्या, हे बघायला की एका ओढीला एकच सुटते. पहिली सुटल्यावर काकांनी चाप दाबूनच धरला, दुसरी आत येऊन थांबली. बोट सैल, टिक्, दुसरी सुटली. हेही पाच वेळा. मग तीन, मग पाच, मग दहा.

काका सावकाश चालवत होते, प्रत्येक गोळीनंतर मला बघायचे. तिसाव्या गोळीच्या आसपास बघणं थांबलं आणि ते नेम धरायला लागले. शंभर गोळ्या झाल्या. एकदाही नाही. हात गारठले होते म्हणून टार्गेटवरच्या भोकांचे शेवटचे ग्रुप थोडे पसरले, ती वेगळी गोष्ट.

लाकडाचं काम मात्र शिल्लक होतं. खाचेत आतल्या बाजूला तेल अजून थोडं चिकट होतं. दस्ता उतरवून सावलीत, वाऱ्यावर, आठ दिवस ठेवला आणि कोरड्या कापडाने रोज पुसला. जवसाचं तेल लाकडाला जरूर द्यावं, पण चार-पाच थेंब तळहातावर घेऊन, उबदार होईपर्यंत चोळून, आणि लोखंडापासून दूर. पूर्ण वाळेपर्यंत जोडू नये. आणखी एक गोष्ट मी पुतण्याला तीनदा सांगितली, इथेही सांगतो: त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. वाळताना ती स्वतःच तापतात आणि गठ्ठ्यात असली तर पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत नाहीतर पाण्यात भिजवून टाकावीत. बंदुकीच्या खोलीत तर हे विसरूच नये.

दुकानाच्या रजिस्टरमध्ये नोंद केली: तक्रार, चाप थंडीत पूर्ण परत येत नाही, कारण, चापाच्या पिनेवर आणि डिस्कनेक्टरवर वाळलेलं जवसाचं तेल, केलेलं काम, सफाई, बदललेला भाग, एकही नाही. त्याखाली स्प्रिंगची मोकळी लांबी मिलिमीटरमध्ये मोजून लिहिली आणि पहिल्या खेपेची, लाकडाच्या डागाची चुकीची नोंद खोडली नाही, तिच्यासमोर तारीख घालून 'हे कारण नव्हतं' असं लिहिलं. काकांनी सही केली. पुतण्याने विचारलं, लांबी कशाला? म्हटलं, पुढच्या जानेवारीत रायफल घेऊन ये, पुन्हा मोजू.